रुग्णाची उजवी बाजू

६ फेब्रुवारी

चि. सूनबाईस, या घरातून आशीर्वाद.

तुला तुझ्या बहिणीकडे सोडून चिरंजीव काल परतला. प्रवास नीट झाला एवढे त्याच्याकडून कळले. त्यापुढे त्याने मला एक अक्षर सांगितले नाही. ताट घेऊन तो आतल्या खोलीत जेवतो. तू त्याला काय सांगितले आहेस आणि काय सांगितलेले नाहीस, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचू पाहिले. आयुष्यभर जीर्ण पोथ्यांतली पुसट अक्षरे लावली, पण हा चेहरा काही लागला नाही.

तुझ्या सासूबाई ठीक आहेत. माझीही प्रकृती बरी आहे. हल्ली अधूनमधून कानशिले तापतात, तो रक्तदाब असावा.

जे घडले ते तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तरी एकदा क्रमाने लिहितो, कारण मांडणी केल्याशिवाय मला विचार करता येत नाही. घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांना तू परिचर्येच्या शाळेत शरीर शिकवतेस. त्यांच्यासाठी तू एक पुस्तिका लिहिलीस आणि भाषा तपासण्यासाठी, घरातलाच जाणता माणूस म्हणून, मोठ्या विश्वासाने माझ्याकडे दिलीस. तीत एका पानावर पोटाचे चित्र आहे. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, त्यांतून होणारे नऊ चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला नाव. रुग्णाला कुठे दुखते ते डॉक्टरांना फोनवरून नेमके सांगता यावे, हा हेतू. छापील पानावर डाव्या आणि उजव्या बाजूंची नावे उलटी पडली.

शिंपीबुवांची वाचा पक्षाघाताने गेलेली. ते पोट धरून कण्हू लागले तेव्हा त्यांच्याकडे कामाला असलेल्या तुझ्या विद्यार्थिनीने ते पान उघडले, बुवांचा हात जिथे होता तो चौकोन शोधला आणि डॉक्टरांना सांगितले, "डावीकडे, खाली." डॉक्टर म्हणाले, वायू असेल, शेक द्या, उद्या पाहू. दुखणे खरे म्हणजे उजवीकडे होते. आंत्रपुच्छ, ज्याला सगळे अपेंडिक्स म्हणतात, ते फुटले. शस्त्रक्रिया होऊन बुवा वाचले आणि आता घरी आहेत, ही परमेश्वराची कृपा.

पुस्तिकेवर नाव तुझे, म्हणून वर्ग तुझ्याकडून काढून घेतला. बैठकीत प्राचार्यबाईंनी "छापायला जाण्यापूर्वी शेवटची प्रत कोणी पाहिली?" असे विचारले, तेव्हा तू "मी" म्हणालीस. तो तुझा स्वभाव. माझ्या मते छापखान्याकडूनही गफलत झालेली असू शकते. मूळ कागद त्यांनी रद्दीत घातल्याने आता कोणाविरुद्ध काही सिद्ध होण्याजोगे उरलेले नाही.

महिनाअखेरीस तुझ्या जागी नव्या बाईंची नेमणूक होणार असे ऐकतो. तत्पूर्वी मी प्राचार्यबाईंना तुझ्यासाठी रदबदलीचे एक पत्र लिहावे म्हणतो. तरुण माणसाकडून घाईत अशा गोष्टी होतात, वडीलधाऱ्यांनी त्या पोटात घालाव्यात, असा मजकूर योजला आहे. तुझी हरकत नसावी.


११ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

पत्र पोचल्याचे तू सासूबाईंना फोनवर सांगितलेस, असे कळले.

"मिळालं म्हणाली," त्या म्हणाल्या.

"आणखी काय?"

"आणखी काही नाही. तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"प्रकृतीविषयी."

"कोणाच्या?" असे विचारून त्या उत्तराची वाट न पाहता स्वयंपाकघरात गेल्या. एवढ्या वर्षांच्या सहवासाने त्यांना ही सिद्धी प्राप्त झाली आहे. प्रश्न त्या विचारतात, आणि उत्तर माझ्या अंगावर तसेच ठेवून निघून जातात.

रदबदलीचे पत्र अद्याप लिहून झालेले नाही. दोनदा बसलो, दोनदा उठलो.

काल शिंपीबुवांच्या समाचाराला गेलो. शाळेचा भाषा-सल्लागार या नात्याने ते माझे कर्तव्यच होते. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट आहे. शिवणयंत्रावर चादर टाकलेली, भिंतीला मोजपट्टी टांगलेली, आणि कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट, एका बाहीचा, खुंटीवर तसाच. बुवांचा एक हात चालतो. मी बसल्यावर त्यांनी त्या हाताने माझ्या सदऱ्याची कॉलर चिमटीत धरून पाहिली आणि सोडून दिली. शिवण पसंत पडली नसावी.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बोलत होते तेव्हा मी कधी यांचं ऐकलं नाही. आता बोलत नाहीत, तर दिवसभर तोंडाकडे बघत बसते. हसता काय बुवा, खरंच सांगते."

तुझी ती विद्यार्थिनीही तिथे होती. चाळिशीची बाई, आवाज मोठा, हात स्वच्छ. बुवांना कुशीवर वळवताना तिने त्यांची पाठ, कंबर, गुडघा असा क्रम इतक्या सहजपणे धरला, की मला ती कृती एखाद्या पाठासारखी वाटली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही बाईंचे सासरे ना? पुस्तक शुद्ध केलंत ते?"

"भाषा पाहिली," मी म्हणालो.

"मग ते 'देहसाम्यावस्था' तुमचंच असणार. बाई नुसतं 'शरीराचा तोल' म्हणायच्या. तुमचा शब्द म्हणेपर्यंत रुग्णाचा ताप उतरतो."

बुवांच्या पत्नी हसल्या. मीही हसलो. मग तिने मनगट पुढे केले. त्यावर एक तांबडे रबर होते.

"हा डावा. रबर आहे तो डावा. आता नाही चुकणार. पान चुकलं असेल हो, पण माणूस तर माझ्यासमोर होता. मला कळायला नको? लहानपणी चपलासुद्धा उलट्या घालायची मी. वर्गात सगळ्या आता मला 'उलटा नकाशा' म्हणतात. म्हणू देत. बाईंना मात्र उगाच भोगावं लागलं माझ्यापायी."

मी तिला धीर दिला. "सराव ठेवा, जमेल," असे म्हणालो. तिला बरे वाटलेले दिसले.

परतताना कानशिले फार तापली होती.


१५ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

रक्तदाब मापून घेतला. तो ठीक आहे.

तुझी पुस्तिका पुन्हा उघडली. त्या वेळी मी ती शब्दांसाठी वाचली होती, आता अर्थासाठी वाचतो आहे. आणि वाचन या एकाच व्रताचा आयुष्यभर अभिमान बाळगलेल्या माणसाने हे वाक्य लिहावे, यात जे आहे ते तू ओळखशीलच. पूर्वार्धात, त्या पोटाच्या चित्राच्या एक पान आधी, तू लिहिले आहेस: "शरीर नेहमी असे समजावे: सरळ उभे, तोंड आपल्याकडे, तळवे पुढे. यापुढे डावे म्हणजे त्या शरीराचे डावे, उजवे म्हणजे त्या शरीराचे उजवे. पाहणारा कुठे उभा आहे याचा संबंध नाही." हे वाक्य छापील पुस्तिकेत जसेच्या तसे आहे. त्यातले विसर्गासारखे दिसणारे ते दोन टिंबांचे चिन्ह मी घातले होते. म्हणजे ते वाक्य माझ्या लेखणीखालून गेले, आणि मला केवळ त्यातले चिन्ह दिसले.

उत्तरार्धात शरीर आपला तोल कसा राखते ते आहे. तू लिहितेस की शरीराचे कोणतेही माप एका जागी थांबलेले नसते. उष्णता थोडी चढते, तेव्हा त्वचेकडे रक्त धावते, घाम येतो आणि ती उतरते. फार उतरली तर स्नायू कुडकुडून तिला पुन्हा वर आणतात. जेवणानंतर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड तिला आवरते. पाणी कमी पडले तर मूत्रपिंडे ते राखून ठेवतात, आणि तहान माणसाला अंथरुणातून उठवून माठापाशी नेते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बिघाड जाणतो, कोणीतरी त्याचा निवाडा करतो, कोणीतरी तो दुरुस्त करतो. तिघांपैकी एकानेही कामात कुचराई केली की आजार.

मी हे तीनदा वाचले. जाणणाऱ्याविषयी माझी तक्रार नाही. कानशिले तापवून तो आपले काम चोख करतो आहे.

आता काल देवळातल्या माझ्या निरूपणात जे घडले ते सांगतो. सभागृहात मूर्तीच्या ध्यानाचे वर्णन चालले होते. कोणत्या हातात काय, हे मी डोळे मिटून सांगतो. ते पाठच आहे. "उजव्या हातात..." असे म्हणालो, तेव्हा पुढच्या रांगेतले घड्याळजी, जे नेहमी पेंगतात, ते नेमके जागे होते. त्यांनी समोरच्या मूर्तीकडे बोट केले.

"शास्त्रीबुवा, उजव्या म्हणजे आपल्या की देवाच्या?"

"देवाच्या," मी सवयीने म्हणालो. "नेहमी देवाच्या. आपण समोर उभे आहोत म्हणून देवाचा हात बदलत नाही."

"बरोबर," घड्याळजी म्हणाले आणि पुन्हा पेंगू लागले.

मला पुढचे वाक्य सापडेना. पन्नास वर्षांत असे झाले नव्हते. लोक थांबले. कोणीतरी पाणी आणून दिले. "प्रकृती बरी नाही का?" "उन्हाचं चालत आले असतील." मी पाणी प्यालो आणि निरूपण तिथेच संपवले.

दगडाच्या मूर्तीपुढे मी जन्मभर तिच्या बाजूने उजवे-डावे धरत आलो. हे मला कोणी शिकवावे लागले नाही. तो आदराचाच भाग वाटे. दुखणाऱ्या माणसाच्या पोटाचे चित्र समोर आले, तेव्हा मी माझ्या खुर्चीवरून पाहिले.

तू हे सारे जाणतेस. पहिल्या दिवसापासून जाणतेस. आज याहून अधिक लिहवत नाही.


१६ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

त्या नऊ चौकोनांची नावे मी बदलली. छापखान्याचा काडीइतकाही दोष नाही. तू बरोबर लिहिले होतेस. चित्राच्या डाव्या हाताला 'उजवा' लिहिलेले पाहून मला ती ढोबळ चूक वाटली. मी तांबड्या शाईने सहाही नावे फिरवली, मधली तीन तेवढी तशीच ठेवली आणि प्रत परस्पर छापखान्यात धाडली.

एवढ्यावर थांबलो असतो तर ते अज्ञान ठरले असते, आणि अज्ञानाला क्षमा मागता येते. पण तू शेजारच्या खोलीत होतीस. दार उघडे होते. तू गणवेशाला इस्त्री करत होतीस आणि इस्त्री ठेवल्याचा आवाज मला ऐकू येत होता. "सूनबाई, हे जरा पाहतेस का?" एवढी हाक पुरली असती. ती मी मारली नाही. मला ती चूक तुला दाखवायची नव्हती. ती मला माझ्यापाशी हवी होती.

कारण तुला आठवत असेल, मला तर प्रत्येक शब्द आठवतो. त्याआधीच्या आठवड्यात घरी मंडळी जमली होती आणि मी सांगत होतो, की सिद्ध पुरुषाचा देह खांबासारखा निश्चल असतो. कोणीतरी गमतीने तुला विचारले, "काय हो, तुम्ही शरीर शिकवता, असं असतं का?" तू चहाचे कप गोळा करत होतीस. ट्रे हातात तसाच धरून म्हणालीस, "उभा माणूस निश्चल कधीच नसतो. तो सारखा पडत असतो आणि सारखा सावरत असतो. कान सांगतो, पोटरी सावरते. हे आपल्याला कळतही नाही. सावरणं थांबलं की मग पडतोच." मंडळी वा वा म्हणाली. एकजण उभा राहून डोळे मिटून डुलतो का ते पाहू लागला, आणि सगळे हसले. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "बाबा सांगतात ते मनाबद्दल आहे, हो ना बाबा?" तू मला सांभाळून घेतलेस. ते मला अधिकच लागले. ज्याची निरूपणे ऐकायला लोक येतात त्याला घरच्या सुनेने सांभाळून घ्यावे.

म्हणून ते चित्र पाहिले तेव्हा मला आनंद झाला. हा शब्द मी विचारपूर्वक लिहितो. शरीर शिकवणारीला डावे-उजवे कळत नाही, या शोधाने मी त्या दुपारी इतका प्रसन्न होतो, की सासूबाईंनी विचारले, "काही चांगलं घडलं का?" कधीतरी, योग्य वेळी, चारचौघांत ते हलकेच सांगावे असा बेत होता. छापील प्रती आल्या तेव्हा तू दौऱ्यावर होतीस, आणि तू परतण्याआधीच त्या वर्गात वाटल्या गेल्या.

मग ती बैठक. "शेवटची प्रत कोणी पाहिली?" तू माझ्याकडे एकदाच पाहिलेस. मी चष्मा पुसत होतो. काच स्वच्छ होती. तू आणखी क्षणभर थांबलीस, मला जागा करून दिल्यासारखी, आणि मग "मी" म्हणालीस.

घरी येताना मी स्वतःला समजावत होतो, की मौनाला शास्त्रात तपाचे स्थान आहे. आहे, परंतु बोलण्याने आपले हित होणार असेल आणि तरीही माणूस गप्प बसला, तर ते तप. माझे मौन कसले होते त्याला शास्त्रात नाव शोधत बसलो नाही. ते बाजारातही ठाऊक आहे.

आणि ती मनगटावर रबर बांधलेली बाई. तिला मी "सराव ठेवा" म्हणालो. हे तुला लिहिताना त्यात 'धीर दिला' असा शब्द घातला. सूनबाई, बुवांवर झालेला आघात माझ्या अज्ञानाने झाला, तुझ्यावरचा माझ्या भित्रेपणाने; पण तिच्यावर मी समोरासमोर बसून, सगळे ठाऊक असताना, गोड आवाजात केला. या तिन्हींत मला सर्वांत जास्त तोंड लपवावेसे वाटते ते या शेवटच्यासाठी.

तुझ्या सासूबाईंना आज सांगितले. त्या भाजी निवडत होत्या. सगळे ऐकून घेतले, निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली, आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला वाटलं, ती माझ्यावर रागावून गेली. मी तिला इस्त्रीवरून बोलले होते. रोज मी त्याच विचारात होते."

त्यांचाही भार मी वाहू दिला होता, हे मला तेव्हा कळले.

चिरंजीव दारात उभा होता. तो म्हणाला, "ती मला काही बोलली नाही बाबा. फक्त म्हणाली, बाबांना वेळ दे." एवढे बोलून तो बाहेर निघून गेला.

उद्या शाळा बंद आहे. परवा जातो.


२४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

प्रथम शिंपीबुवांकडे गेलो. बुवांपुढे बसून त्यांच्या पत्नीला सारे सांगितले. ऐकून त्या म्हणाल्या, "चहा ठेवणार होते. आता नाही ठेवत." बुवांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली, की मी त्यांना डोळ्यांसमोर नको होतो, ते समजले नाही. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. जा असे कोणी म्हटले नाही, आणि बसा असेही नाही.

मग शाळेत. प्राचार्यबाईंनी मला खुर्ची दिली, पंखा लावला आणि माझे बोलणे अर्ध्यावर असतानाच त्यांचा चेहरा सैल झाला.

"एवढंच ना शास्त्रीबुवा? अहो, वयात होतं असं. नजरचूक. मी आजच फोन करून बाईंना परत बोलावते. कारण काही लिहायला नको. तुमचं नाव कशाला उगाच आणायचं?"

"सूनबाईंचे नाव बाहेरच्या सूचनाफलकावर आहे," मी म्हणालो.

"ते काढते ना."

"त्यावर कारण लिहिले आहे. हलगर्जीपणा."

चूक तीच, चौकोन तेच. तुझ्याकडे असताना तिचे नाव हलगर्जीपणा होते. माझ्याकडे येताच ती वयाची गोष्ट झाली. पांढरे केस आणि कपाळावरचे पावित्र्य यांना जगात किती स्वस्तात सूट मिळते, हे मी आजवर घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले होते. मी म्हणालो, मला हे वर्गापुढे सांगायचे आहे, आणि फलकावरही लिहून लावायचे आहे. त्या म्हणाल्या, "कशाला शोभा करून घेता?" मी म्हणालो, शोभा झालेली आहे, फक्त ती चुकीच्या माणसाची झाली आहे. त्यावर त्या बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बाईंना मीही एकदा नीट विचारायला हवं होतं. त्या 'मी' म्हणाल्या आणि माझं काम सोपं झालं." हे त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, म्हणून तुला कळवतो.

तुझ्या वर्गात पूर्वी कधी आलो नव्हतो. निळे अंगरखे घातलेल्या तिसेक बायका, जंतुनाशकाचा वास, आणि कोपऱ्यात तो सांगाडा, ज्याच्या डोक्यावर कोणीतरी लोकरीची टोपी घातली आहे. मला पाहून मागून आवाज आला, "आज व्याकरण वाटतं." दुसरी म्हणाली, "देहसाम्यावस्था सांभाळा गं." हसू पसरले. मी ते पूर्ण ओसरू दिले.

सभेत बोलायची मला सवय आहे. प्रस्तावना, दृष्टांत, उपसंहार. त्यांतले काही वापरायचे नाही, असे ठरवून गेलो होतो. म्हणालो, "पोटाच्या चित्रातली डावी-उजवी नावे तुमच्या बाईंनी बरोबर लिहिली होती. ती मी उलटी केली. त्यांना न विचारता केली. बैठकीत मी हजर होतो आणि बोललो नाही. ज्यांनी त्या पानावरून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पानात होते तेच सांगितले. त्यांची काही चूक नाही."

कोणी हसले नाही. खुर्च्या वाजल्या, कारण बऱ्याच जणी एकदम मागे वळून पाहू लागल्या. ती तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी होती. 'उलटा नकाशा' म्हणणाऱ्यांपैकी एक बहुधा तिच्या शेजारीच बसली असावी, कारण त्या बाईने मान खाली घातली.

ती उभी राहिली.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी बुवांकडे आला होतात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी हात दाखवला तुम्हाला. तेव्हाही."

"हो."

"आणि तुम्ही सराव ठेवा म्हणालात."

"म्हणालो."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात क्रोध असता तर मला सोसता आला असता. तशी तयारी करून गेलो होतो. ती नुसतीच पाहत होती, एखाद्या रुग्णाला नेमके काय झाले आहे ते ताडावे तशी. मी म्हणालो, "तुम्हाला मला जे बोलायचे असेल ते बोला. मी त्यासाठीच आलो आहे."

"तुम्हाला काय बोलायचं? तुम्ही आमच्या बाबांच्या वयाचे. बोलले तर मलाच वाईट वाटत राहील रात्रभर." मग प्राचार्यबाईंकडे वळून तिने विचारले, "बाई परत येणार का?"

"त्यांची इच्छा असेल तर सोमवारपासून," प्राचार्यबाई म्हणाल्या.

फलकावरचा कागद मी माझ्या अक्षरात लिहून लावला आहे. तू येशील तर तो वाचशील. मजकूर वर्गात बोललो तोच आहे, त्यात एकही विशेषण नाही. शाळेचे पत्र तुला वेगळे येईल. घरी ये असे मी लिहीत नाही. ते म्हणण्याचा अधिकार तुझ्या सासूबाईंचा आणि चिरंजीवाचा आहे, आणि ते दोघे तुला स्वतंत्रपणे काय ते सांगतील. तू मला क्षमा करावीस असेही लिहीत नाही. तू मला बैठकीत क्षणभर जागा करून दिली होतीस. ती मी तेव्हा घेतली नाही, आता मागून घेणे बरे दिसत नाही.

शाळेत ये, एवढेच लिहितो. वर्ग सुटल्यावर मी जिन्यापाशी त्या मनगटावर रबर बांधणाऱ्या बाईंना गाठले आणि विचारले, तुमच्यासाठी मला काही करता येईल का. त्या म्हणाल्या, "नाही. मला एक विचारायचंय, पण ते बाईंना."

"सूनबाईंना कळवू का? काय विचारायचे आहे?"

त्या दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला नाही सांगणार."